थोरलीच्या शेपटीतला हाकाऱ्या

थोरलीच्या शेपटीत मी पालथी पडले होते. तोंडात टॉर्च धरली होती, एका हातात बटर पेपरचा तुकडा होता आणि दुसऱ्या हातात सुताराची पेन्सिल. बाहेर रुबिना माझे पाय धरून बसली होती.

“मावशी, झोपलात की काय?”

तोंडात टॉर्च असल्यामुळे मला बोलता येईना. मी पाय हलवला.

“एकदा हलवला म्हणजे हो की नाही?”

मी दोनदा हलवला. ती हसत सुटली. तिचं हसणं पत्र्यातून माझ्यापर्यंत आलं ते विहिरीत कुणी हसावं तसं. आत सगळं निळसर होतं. बाहेरचं ऊन पत्र्याच्या जोडांतून दोऱ्यासारखं आत शिरत होतं आणि त्या दोऱ्यांवर कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. आमच्या निंबगव्हाणच्या धावपट्टीला एका अंगाला केळीच्या बागा आणि दुसऱ्या अंगाला कापसाचं जिनिंग. हिवाळाभर तिथला कापूस उडत यायचा. विमानाच्या शेपटीतसुद्धा तो कसा पोचायचा, कोण जाणे.

थोरली म्हणजे आमच्या फ्लाइंग क्लबचं जुनं विमान, चार माणसांचं. दुसरं तसंच, पण दोन वर्षांनी लहान, ती धाकटी. कागदावर त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं होती, पण ती फक्त रेडिओवर बोलताना घेत. हँगरमध्ये थोरली आणि धाकटी. मी तिथली झाडूवाली. झाडणं, पुसणं, डबे भरणं, फडकी धुणं, कागद कपाटात लावणं. तेरा वर्षं झाली होती.

आणि ज्याच्यासाठी मी आत घुसले होते तो एक नारिंगी डबा. शेपटीच्या आत, भिंतीला चिकटवून बसवलेला, विटेएवढा. विमान कुठे आपटलं तर तो आपोआप जागा होतो आणि आभाळाकडे हाका मारायला लागतो. उपग्रह ती हाक ऐकतात आणि खाली कळवतात. आमचे इंजिनिअर साहेब त्याला ईएलटी म्हणत. मी हाकाऱ्या म्हणायचे. पुढे पुढे सगळेच म्हणायला लागले.

मी बाहेर सरकले. रुबिनाने मला हात देऊन उठवलं आणि माझ्या केसांतला कापूस काढला.

“मिळाली का तुमची पट्टी?”

“मिळाली. दिसत नाही, भिंतीकडे तोंड आहे तिचं. पण बोटाला लागते. कागद लावून पेन्सिल घासली.”

“नाण्यावर पोरं घासतात तशी?”

“तशीच.”

“काय लिहिलंय?”

“निवांत वाचते. तू घाई करू नकोस.”

“वाचा, वाचा. काल माझ्या बुटाचा तळवा वाचलात. परवा साबणाचा कागद. आता विमानाचं पोटपण सोडू नका.” ती नकाशाची गुंडाळी काखेत मारून निघाली. दाराजवळ थांबून म्हणाली, “उद्या मी जंगलावरून जाईन ना, तेव्हा वरून मोठ्याने वाचत जाईन. नदी. डोंगर. नदी. डोंगर.”

रुबिना तडवी. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची, वनखात्यातल्या मजुराची मुलगी. सरकारी शिष्यवृत्तीवर विमान शिकायला आली होती. शिष्यवृत्तीची एक अट होती. सातपुडा एकटीने ओलांडायचा, पलीकडच्या धावपट्टीवर उतरून सही घ्यायची आणि परत यायचं, आणि हे एकतीस जानेवारीच्या आत. तो दिवस शुक्रवार, सत्तावीस तारीख. आदल्या दिवशीच्या पताका अजून हँगरच्या दारावर होत्या. शनिवारी सकाळी ती जाणार होती. त्यानंतरचे दिवस सरकारी तपासनीस येणार म्हणून विमान मिळणार नव्हतं.

मला वाचायला तिनेच शिकवलं होतं. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने मला पकडलं. “मावशी, तुम्ही डबे वासावरून ओळखता,” असं म्हणाली. मी म्हटलं, सवय आहे. ती दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आली. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. आधी मराठी, मग विमानावरची इंग्रजी अक्षरं, दोन्हीकडचे आकडे. दोन वर्षं रोज दुपारी, पंखाच्या सावलीत. नोकरीला लागताना मी चौथी पास सांगितलं होतं आणि सही मी रांगोळीसारखी पाठ केली होती. हे हँगरमध्ये फक्त तिला माहीत होतं.

वाचता यायला लागल्यावर मला हाव सुटली. दुकानाच्या पाट्या, काडेपेट्या, एसटीच्या तिकिटामागच्या सूचना, काही सोडत नव्हते. म्हणून तर मी शेपटीत शिरले. नाहीतर त्याची गरजच नव्हती.

झालं होतं ते असं. सोमवारी तपासनीस येणार म्हणून आमचे मुख्य इंजिनिअर पेडणेकर साहेब दोन दिवस कागद जमवत होते. हवाई दलातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले, शिस्तीचे. मार्चअखेर त्यांचा इथला करारही संपणार होता. त्यांना थोरलीच्या हाकाऱ्याचं कार्ड सापडेना. कार्डावर डब्याचा क्रमांक, बॅटरी कधी बदलली, कधीपर्यंत चालेल, आणि डब्यात कोणत्या विमानाचं नाव भरलंय, हे सगळं असतं.

“बाई, कपाट तुमच्या हाताखाली आहे. शोधा,” ते म्हणाले होते.

मी सगळं कपाट उपसलं. एका जुन्या जाड पुस्तकात, कुणीतरी खूण म्हणून घातलेलं, ते सापडलं. कसरीने एक कोपरा खाल्लेला होता. मी ते घेऊन थोरलीकडे गेले आणि बिल्ल्याशी ताडून पाहिलं. सामानाच्या कप्प्याच्या झाकणावर, तारेला अडकवलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला असायचा आणि त्यावर डब्याचा क्रमांक ठोकलेला. शेपटीत कुणाला शिरायला लागू नये म्हणून ही सोय. साहेबांचं पोट मोठं, गुडघा दुखरा. वर्षाच्या तपासणीला ते डब्याचा आवाज रेडिओवर ऐकत, बिल्ला वाचत आणि वहीत क्रमांक लिहीत.

कार्डावर शेवटी ३८६२. बिल्ल्यावर ३८६२. जुळलं.

तिथे थांबले असते तर झालं होतं. पण मला वाटलं, खुद्द डब्यावरची पट्टी पण वाचावी. एवढी वर्षं तिथे अंधारात आहे, कुणी वाचली नाही.

रुबिना गेल्यावर मी टेबलाशी बसले. बटर पेपर उजेडाला धरला. काळ्या पेन्सिलीतून आकडे पांढरे वर आले होते, धुक्यातून झाडं येतात तसे. एकेक आकडा बोट ठेवून वाचला.

५१९०.

मला वाटलं, मी चुकले. परत वाचला. मग धाकटीचं कार्ड काढलं. ते जागेवरच होतं. धाकटी स्वतः मोठ्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या शहरात गेलेली होती, पंधरा दिवस येणार नव्हती. तिच्या कार्डावर शेवटी ५१९०.

थोरलीच्या शेपटीत धाकटीचा हाकाऱ्या बसला होता.

मी पंखाच्या सावलीत जाऊन आडवी झाले. कसं झालं असेल याचा विचार करायलाच लागला नाही. ते हळूहळू आपणहून वर आलं. चार वर्षांपूर्वी दोन्ही डबे बॅटरी बदलायला बाहेर काढले होते. लाकडी बाकावर शेजारी शेजारी ठेवले होते, झोपलेल्या जुळ्यांसारखे. बिल्ले तेव्हा डब्यांनाच बांधून ठेवलेले, तेलाने बरबटलेले. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच तारा सोडवल्या, साबणाच्या पाण्यात बिल्ले घातले, घासले, उन्हात वाळवले आणि परत अडकवले. एक इकडे, एक तिकडे. मला दोन्ही सारखेच दिसत होते. त्यावरच्या खुणा मला नक्षी वाटायच्या. संध्याकाळी साहेब म्हणाले होते, “वा बाई, चकचकीत केलंत.” आणि बिल्ले बघून त्यांनी डबे विमानांत बसवून घेतले होते.

माझा डोळा लागला. जंगल होतं, पण झाडांना पानांऐवजी कापूस होता. कुठूनतरी हाक येत होती. “मी धाकटी, मी धाकटी.” लोक हाक ऐकून घराबाहेर आले. एकाने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “धाकटी तर घरात आहे. निजलीय.” मग सगळे आत जेवायला गेले. हाक चालूच होती. तो आवाज मला ओळखीचा होता.

उठले तेव्हा ऊन कलत होतं. मी बटर पेपर आणि दोन्ही कार्डं घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

“सापडलं का?”

“सापडलं, साहेब. पण डबा तो नाही.”

“डबा तो नाही म्हणजे?”

मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवला. मी बिल्ले कसे धुतले ते सांगितलं. आणि वाचता येत नव्हतं, तेही सांगितलं. चौथी पास खोटं होतं, तेही. एकदा सांगायला लागल्यावर मधेच कुठे थांबावं ते कळेना.

ते कितीतरी वेळ बटर पेपरकडे बघत राहिले. मग उठले, दार लावलं.

“तुम्ही आत शिरलात?”

“हो.”

“मी तीन वर्षं शिरलो नाही.” ते परत बसले. “बाई, वहीत काय लिहिलंय माहीत आहे? पट्टी प्रत्यक्ष पाहिली. खाली माझी सही. तीन वर्षं, तीन सह्या.”

“आता काय करायचं?”

“काय करायचं म्हणजे? धाकटी आली की दहा मिनिटांत डबे बदलतो. कुणाला कळणारही नाही.”

“आणि उद्या?”

त्यांनी कार्डं एकावर एक नीट रचली.

“साहेब, उद्या ती पडली तर हाकाऱ्या धाकटीचं नाव घेईल ना?”

“घेईल.”

“मग विचारणार कुणाला?”

“क्लबला फोन येईल. तुमची धाकटी संकटात आहे का?”

“आणि धाकटी तर तिकडे दुरुस्तीला उभी आहे. तसं त्यांना सांगतील. मग ते म्हणतील, खोटी हाक.”

“मी सांगणार आहे ना त्यांना! मी फोनजवळ बसतो. ती निघाल्यापासून परत येईपर्यंत. धाकटीचा फोन आला तर मी सांगेन, ती थोरली आहे, इकडे इकडे शोधा. झालं? चहालासुद्धा उठणार नाही.”

“आणि दुसऱ्या कुणी उचलला तर?”

“कोण उचलणार? बाई, एकतीस तारीख आहे तिची. थांबवलं तर शिष्यवृत्ती गेली. दोन वर्षं पाण्यात. मार्चमध्ये मी घरी जाणार आहे, तुमचीही नोकरी राहायला हवी. आणि ती पडणार आहे असं कुणी सांगितलं? उत्तम उडवते पोर.”

ते खरं होतं.

“तिला सांगते मी,” मी म्हटलं.

“नको. आकाशात डोक्यात किडा नको. सांगितलंत तरी ती जाणारच. ओळखत नाही का तुम्ही तिला?”

तेही खरं होतं.

“साहेब, तुम्ही फोनजवळ बसाल. मला ठाऊक आहे, तुम्ही हलणार नाही. पण तो बिल्लाही चार वर्षं जागेवरून हलला नव्हता.”

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. “जा बाई आता घरी,” ते म्हणाले. कार्डं त्यांनी ठेवून घेतली. बटर पेपर माझ्या हातात परत दिला. का दिला, ते मला आजही माहीत नाही.

शनिवारी मी साडेपाचला हँगर उघडला. धुकं इतकं होतं की धावपट्टी नव्हतीच. केळीची पानं तेवढी मधूनमधून, कुणी हात वर करावा तशी दिसायची आणि परत बुडायची. थोरली दवाने भिजून उभी होती. मी तिचं नाक पुसलं, काचा पुसल्या. मग टेबलाकडे गेले.

दाराजवळच्या टेबलावर तक्रारींची वही असायची. विमानात काही बिघाड वाटला की तिच्यात लिहायचं. चाक खरखरतंय, काटा अडकतोय. नियम असा होता की एकदा वहीत लिहिलं, मग त्याच्याखाली इंजिनिअरने उत्तर लिहून सही केल्याशिवाय विमानाचं चाक फिरायचं नाही. कुणी लिहावं, ते नियमात नव्हतं. वैमानिक लिहीत, मेकॅनिक लिहीत. मी तेरा वर्षं त्या वहीवरची धूळ झटकली होती.

मी बसले आणि पेन घेतलं. तोवर मी पाटीवर लिहिलं होतं, वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं होतं. पण दुसऱ्या कुणी वाचावं म्हणून कधी लिहिलं नव्हतं. चार ओळींना अर्धा तास लागला.

‘थोरलीतला हाकाऱ्या थोरलीचा नाही. धाकटीचा आहे. बिल्ले मी धुतले आणि अदलाबदल केली. तेव्हा मला वाचता येत नव्हतं.’

खाली नाव लिहिलं. सुपडाबाई कोळी. रांगोळीसारखं नाही, एकेक अक्षर. बटर पेपर टाचणीने पानाला लावला.

सातला रुबिना आली. निळा अंगरखा, गळ्यात मफलर, हातात नकाशे. “मावशी, धुकं नऊला उठेल म्हणतात. चहा आहे का?” असं म्हणत तिने सवयीने वही उघडली. निघण्याआधी प्रत्येकजण उघडायचा.

मी चहा ओतत होते. मागून काहीच आवाज येईना. मी वळले.

तिने पान दोनदा वाचलं असावं. मग तिने बटर पेपरवर बोट फिरवलं.

“हे काल केलंत ना? मी पाय धरून बसले होते तेव्हा?”

“हो.”

“आणि मला काल सांगितलं नाही.”

“सांगितलं असतं तर तू गेली असतीस.”

“गेलेच असते! माझ्या शेपटीत कुणाचा डबा आहे याने माझ्या पंखाला काय फरक पडतो? मावशी, चार दिवस राहिलेत. चारही नाहीत, आजचाच आहे!” तिचा आवाज पत्र्याला आपटून परत आला. “तुम्हाला लिहायला मी शिकवलं. मी! आणि पहिलं काय लिहिलंत तर हे?”

मी कप टेबलावर ठेवला.

तेवढ्यात पेडणेकर साहेब धुक्यातून आत आले. हातात थर्मास आणि डबा. दिवसभर फोनजवळ बसायच्या तयारीने आले होते. आमची तोंडं बघून थांबले. मग वही बघितली.

“साहेब,” रुबिना म्हणाली, “तुम्ही याच्याखाली लिहू शकता. तपासलं, ठीक आहे. सही करा. मी जाते.”

साहेबांनी थर्मास खाली ठेवला. खुर्ची ओढली, बसले. खिशातून पेन काढून त्याचं टोपण उघडलं.

“करा ना साहेब.”

“थांब.”

“कशाला थांबू? डबा चालतोय ना? हाक मारतो ना?”

“मारतो.”

“मग?”

“दुसरीच्या नावाने मारतो, पोरी,” ते म्हणाले. “अठरा वर्षांपूर्वी हवाई दलात मी एका शोधावर होतो. जंगलच होतं. तिसऱ्या दिवशी सापडले दोघे. पहिल्या दिवशी सापडले असते तर...” त्यांनी वही स्वतःकडे ओढली. “तेव्हा चूक माझी नव्हती. म्हणून मी नीट जेवू शकलो.”

साहेबांनी लिहायला सुरुवात केली. इंग्रजीत लिहीत होते. मला सगळं कळलं नाही. पण मी त्यांच्या खांद्यामागून एकेक शब्द जुळवत गेले. विमान थांबवलं आहे. मग एक मोठं वाक्य. मग त्यात ‘तीन वर्षं’ आणि ‘मी’ आणि ‘पाहिली नाही’. खाली सही. ती नेहमीच्या सहीपेक्षा सावकाश केली होती.

रुबिना बाहेर गेली. धुक्यात चार पावलांवर ती दिसेनाशी झाली. चहावर साय धरली.

सोमवारी तपासनिसाने वही वाचली. त्या दिवसापासून पेडणेकर साहेबांना सही करायची परवानगी राहिली नाही. मार्चपर्यंत ते यायचे, खुर्चीत बसायचे, मेकॅनिकांना सांगायचे काय पाहायचं ते, आणि सही करायला दुसऱ्या शहरातला इंजिनिअर आठवड्यातून दोनदा यायचा. मला क्लबच्या सचिवांनी बोलावलं. चौथी पास कसं लिहिलंत, विचारलं. मी म्हटलं, तेव्हा खोटं लिहिलं, आता खरोखर चौथीचं पुस्तक वाचून दाखवते. ते हसले नाहीत. कपाट माझ्याकडून काढून घेतलं. झाडू राहिला.

त्या महिन्यात थोरलीला काही झालं असतं असं मी आजही म्हणू शकत नाही. आकाश स्वच्छ होतं. तो शनिवार नऊनंतर असा उजाडला की सातपुड्याची एकेक घडी मोजता यावी. मी अंगणात उभी राहून मोजली. ती शांतपणे गेली असती आणि शांतपणे आली असती, बहुतेक.

रुबिना वीस दिवस माझ्याशी बोलली नाही. समोरून आली की सगळ्यांना नमस्कार करायची, माझ्यावरून नजर पुढे न्यायची, कपाटावरून नेतात तशी. दुपारी पंखाची सावली पडायची आणि मी तिच्यात एकटीच वर्तमानपत्र घेऊन बसायचे. वाचत नव्हते. कापूस त्याच्यावर बसायचा, मी झटकायचे नाही.

शिष्यवृत्तीचं काम पेडणेकर साहेबांनी केलं. ते मला कुणी सांगितलं नाही, मीच वाचलं. टाइप केलेलं पत्र टपालात टाकायला माझ्या हातात दिलं होतं, पाकीट उघडंच होतं. विलंब विद्यार्थिनीमुळे नाही, आमच्या हँगरच्या चुकीमुळे झाला आहे. सोबत वहीच्या पानाची प्रत. त्या प्रतीत माझं अक्षर होतं, झेरॉक्समध्ये आणखीच वाकडं दिसत होतं. महिनाभराची मुदत वाढवून मिळाली. पान नसतं तर काय जोडलं असतं, हे साहेबही बोलले नाहीत, मीही नाही.

बारा फेब्रुवारीला धाकटी परत आली. दुसऱ्या दिवशी नव्या इंजिनिअरने दोन्ही डबे काढले, पट्ट्या उजेडात वाचल्या, कार्डांशी ताडल्या आणि ज्याचा त्याला दिला. पेडणेकर साहेब बाजूला उभे होते. ते म्हणाले, “मलाही एकदा वाचू द्या.” त्यांनी डबा दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्याने क्रमांक वाचला, शाळेत उभं करतात तसा. हँगरमध्ये कुणी हसलं नाही.

सतरा तारखेला रुबिना निघाली. मी पताकांच्या दोऱ्या सोडवत होते, अजून कुणी काढल्या नव्हत्या. ती माझ्यासमोरून गेली. थोरली धावपट्टीवर लहान होत गेली, मग उचलली, मग केळीच्या बागांवर एक ठिपका, मग नुसतं निळं.

पावणेदोन तास. मी हँगर दोनदा झाडला. साहेब फोनशेजारी बसले होते. आता ते तिथे बसायची काही गरज नव्हती, तरी बसले होते. बाहेर जिनिंगचा आवाज येत होता, सारखा एकच, झोप आणणारा.

फोन वाजला. साहेबांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

“बाई, तुम्ही उचला.”

“मी?”

“माझी सही चालत नाही ना आता,” ते म्हणाले. “उचला.”

मी तो फोन कधी उचलला नव्हता, फक्त पुसला होता. हात साडीला पुसून मी तो कानाला लावला. आधी नुसती खरखर आली. मग लांबून, सातपुड्याच्या पलीकडून तिचा आवाज आला.

“साहेब? पोचले. सही मिळाली.”

“साहेब नाही. मी आहे.”

खरखर. मला वाटलं, ठेवला.

“मावशी,” ती म्हणाली. “माझा राग गेलेला नाही. सांगून ठेवते.”

“असू दे.”

“खूप आहे.”

“असू दे गं,” मी म्हटलं. “आधी परत ये. मग चीड.”